चोवीस वर्षे एकाच खात्यात

मा. संपादक,

स. न. वि. वि.

स्वित्झर्लंडची एखादी बातमी मराठीत येते तेव्हा ‘स्टाटराट’ या शब्दाचे भाषांतर डोळे झाकून ‘नगरसेवक’ असे केले जाते. ‘झुरिचच्या नगरसेविका’ असे वाचले की म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या वाचकासमोर आपल्या वॉर्डातला ओळखीचा माणूस उभा राहतो: पावसाळ्याआधी गटार उपसून घेणारा, बंद पथदिव्यासाठी वीज खात्याला फोन लावणारा, चतुर्थीच्या बाजारात माटोळीचे सामान विकणाऱ्यांना जागा मिळवून देणारा, सोपोच्या, म्हणजे बाजारकराच्या ठेकेदाराशी हुज्जत घालणारा. कामे सगळी गरजेचीच. पण झुरिचच्या स्टाटराटमधला माणूस यातले काही करत नाही, आणि तो जे करतो ते करायची मुभा आपल्या नगरसेवकाला कायद्यानेच नाही. पालिका निवडणुका आल्या की ‘आमचे नगरसेवक तिकडच्यासारखे का नाहीत?’ असा सूर लागतो, त्याचे मूळ बरेचसे या भाषांतरात आहे. म्हणून त्या पदावर चोवीस वर्षे काढलेल्या एका बाईंच्या कारकिर्दीच्या आधारे हे पत्र. त्यांचे नाव एमिली लीबरहेर.

आधी पद समजून घेऊ. झुरिच शहराचा कारभार दोन मंडळांकडे असतो. एक गेमाइंडेराट, म्हणजे शहराचे विधिमंडळ. त्याचे सदस्य १२५, आपापली नोकरी किंवा धंदा सांभाळणारे, बुधवारी संध्याकाळी सभेला बसणारे. अंदाजपत्रक आणि शहराचे नियम ते मंजूर करतात. दुसरे स्टाटराट, म्हणजे शहराचे मंत्रिमंडळच म्हणा. त्यात नऊ जण, पूर्णवेळ, पगारी, आणि प्रत्येकाकडे एक खाते. शहराचे पोलीस शहराचे, ट्राम शहराच्या, वीजपुरवठा शहराचा, इस्पितळही शहराचे. थोडक्यात, सार्वजनिक बांधकाम खाते (साबांखा), वीज खाते, पोलीस आणि समाजकल्याण खाते पालिकेच्या इमारतीत आणून बसवले आणि प्रत्येकावर लोकांनी निवडलेला एकेक माणूस नेमला, की स्टाटराट तयार होते.

शहराच्या वर कँटन, म्हणजे आपल्या भाषेत राज्य. झुरिच कँटनचे क्षेत्रफळ १,७२९ चौरस किलोमीटर, गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या मात्र गोव्याच्या बरोबरीची किंवा थोडी अधिक. तेवढ्या कँटनच्या विधिमंडळात १८० सदस्य आणि मंत्री सात. आपल्याकडे आमदार ४० आणि मंत्री जास्तीत जास्त बारा. गणित ज्याने त्याने करावे.

लीबरहेरबाईंचा जन्म १४ ऑक्टोबर १९२४ चा, उरी कँटनमधल्या एर्स्टफेल्ड या गावचा. एर्स्टफेल्ड म्हणजे आपले कुळे समजा. ब्रागांझा घाट चढण्यासाठी कुळ्याला जशी गाडीला जादा इंजिने लागतात, तशी गोटहार्डचा चढ चढायला एर्स्टफेल्डला लागत. सारे गाव रेल्वेवर जगणारे, वडील रेल्वेतच. शिक्षण इंगेनबोलच्या कॅथलिक नन्सच्या शाळेत, मग बँकेत चिटणिसाची नोकरी, मग बर्न विद्यापीठात अर्थशास्त्र. मध्यंतरी काही काळ अमेरिकेत मुलांची देखभाल करण्याचे काम त्यांनी केले. त्या मुलांत अभिनेते हेन्री फोंडा यांची जेन आणि पीटर ही मुले होती. (आमच्या तालुक्याशी या आडनावाचा संबंध नाही, हे फोंडेकरांनी लक्षात घ्यावे.) परत आल्यावर झुरिचमध्ये दुकानांतल्या विक्रेत्यांच्या व्यवसायशाळेत त्या शिकवू लागल्या, आणि १९६१ साली ग्राहक स्त्रियांची जी संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत त्या होत्या. पुढे बरीच वर्षे तिचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. भाव, वजन, वेष्टनावरचा मजकूर, हप्त्याने घेतलेल्या वस्तूचे व्याज, असे तिथले विषय. अर्थशास्त्राची पदवी असलेली बाई भाजीच्या पिशवीपासून राजकारणात शिरली, हे पुढे फार उपयोगी पडले.

त्या काळात या बाईंना मतच नव्हते. १ फेब्रुवारी १९५९ रोजी स्विस पुरुषांनी स्त्रियांचा मताधिकार दोनतृतीयांश बहुमताने फेटाळला होता. गोव्याच्या वाचकाला हे विशेष वाटेल. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आमच्या आयांनी-आज्यांनी रांगेत उभे राहून ‘फूल’ (महाराष्ट्रात विलीनीकरण) की ‘दोन पाने’ (वेगळा गोवा) यावर शिक्का मारला. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा तो निकाल, दोन पानांच्या बाजूने. तेव्हा, ज्या देशाला जनमताचे माहेरघर म्हणतात, तिथली बाई राष्ट्रीय जनमताच्या दिवशी घरी बसलेली होती. आणि ऑगस्ट १९७३ मध्ये शशिकलाताई काकोडकर गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या, त्यानंतर दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, स्वित्झर्लंडच्या कुठल्याही कँटनच्या मंत्रिमंडळात पहिली स्त्री बसली. हेडी लांग त्यांचे नाव, कँटन झुरिचच.

१९६९ साली स्विस सरकारला युरोपीय मानवी हक्क करारावर सही करायची होती, पण स्त्रियांच्या मताधिकारापुरती पळवाट ठेवून. १ मार्च १९६९ रोजी सुमारे पाच हजार लोक, बहुतेक स्त्रिया, बर्नमध्ये संसद भवनासमोरच्या चौकात जमले. व्यासपीठावर लाल कोटातल्या लीबरहेरबाई. ‘आम्ही इथे विनंती करायला नव्हे, मागणी करायला उभ्या आहोत,’ असे त्या बोलल्या, आणि चौकभर शिट्ट्या घुमल्या. त्या शिट्ट्या स्त्रियांनी मुद्दाम बरोबर आणल्या होत्या. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: जुन्या, प्रतिष्ठित स्त्री संघटनांना हा मोर्चा मान्य नव्हता. दंगा होईल या भीतीने त्यांनी त्याच दिवशी शहरात सभागृहात वेगळी सभा घेतली. दोन वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९७१ रोजी, ६५.७ टक्के पुरुषांनी होकार दिला.

झुरिचने त्याच्या जरा आधी दार उघडले होते. सप्टेंबर १९६९ मध्ये कँटनच्या पुरुष मतदारांनी आपापल्या गावाशहरांना स्त्रियांना मत देण्याची मोकळीक दिली, आणि १९७० च्या शहर निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या लीबरहेरबाई स्टाटराटवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या जन्मगावच्या उरी कँटनमध्ये स्त्रियांना कँटनच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९७२ साली. म्हणजे झुरिचमध्ये खाते सांभाळणाऱ्या बाईंच्या माहेरच्या मैत्रिणी अजून मताविना होत्या.

निवडणुकीची रीत बघण्यासारखी आहे. स्टाटराटसाठी वॉर्ड नसतात. अख्खे शहर हा एकच मतदारसंघ. मतपत्रिकेवर नऊ ओळी, आणि मतदाराने त्यांवर नऊपर्यंत नावे लिहायची. एका उमेदवाराचे नाव दोनदा लिहिता येत नाही. निवडून यायला निर्विवाद बहुमत लागते आणि ते असे काढतात: सगळ्या उमेदवारांना मिळालेल्या वैध मतांची बेरीज करायची, तिला जागांच्या दुपटीने, म्हणजे अठराने भागायचे, आणि येईल त्याच्या पुढचा पूर्णांक घ्यायचा. समजा एकूण नऊ लाख मते पडली. भागाकार ५०,०००, म्हणून बहुमताचा आकडा ५०,००१. कोऱ्या ओळी हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे लोकांनी थोडीच नावे लिहिली तर हा आकडाही खाली येतो. हे न कळल्यामुळे ‘निम्म्या मतदारांचाही पाठिंबा नाही, तरी निवडून कसे आले?’ असा प्रश्न विचारला जातो. नऊजणांनी तो आकडा गाठला नाही तर उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी, तिथे ज्याला जास्त मते तो आत. शहराचा अध्यक्ष कोण हे लोक वेगळ्या ओळीत ठरवतात, पण तो त्या नवांत निवडून आलेला असायलाच हवा.

याचा परिणाम काय? पणजीत तीस वॉर्ड आहेत, एकेका वॉर्डात हजाराच्या आसपास मतदार. तिथे शे-दीडशे मतांची घराणी सांभाळली की खुर्ची पक्की. अख्ख्या शहराकडे मत मागणाऱ्या माणसाला स्वतःच्या पक्षाची मते कधीच पुरत नाहीत. दुसऱ्या पक्षाच्या मतदारानेही आपल्या कागदावर त्याचे नाव लिहावे लागते. लीबरहेरबाई सहा वेळा लागोपाठ निवडून आल्या त्या याच जोरावर. विरोधी पक्षांच्या मतदारांत त्यांचे नाव लिहिणारे नेहमीच बरेच होते, आणि स्वपक्षीयांचा त्यांच्यावरचा राग काहीसा याच कारणाने वाढत गेला.

खाती कोणी कुठली घ्यायची हे निवडून आलेले नऊजण आपसात ठरवतात. लीबरहेरबाईंकडे समाजकल्याण आले आणि १९९४ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. या खात्याचे बाहेर फारसे बोलले न गेलेले एक काम सांगतो: पोटगीची उचल. नवऱ्याने मुलाची पोटगी द्यायची असा न्यायालयाचा हुकूम आहे आणि तो देत नाही. बाईने हुकमाची प्रत आणि पैसे आले नाहीत याचा पुरावा घेऊन शहराच्या कचेरीत जायचे. कचेरी तिचे उत्पन्न तपासते, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंतची रक्कम दर महिन्याला शहराच्या तिजोरीतून तिला देते, आणि तेवढ्या रकमेपुरता पोटगी मागण्याचा हक्क शहराकडे येतो. मग नवऱ्याच्या मागे वसुलीला शहर लागते, बाई नाही. यात बिनसते ते ठरावीक ठिकाणी: नवरा देशाबाहेर गेला, त्याने नोकरी वरचेवर बदलली, किंवा हुकमात रक्कम मोघम लिहिली. म्हणून दिलेल्या पैशातला काही भाग बुडीत जाणार हे अंदाजपत्रकात आधीच धरावे लागते. ते धरले नाही तर दुसऱ्या वर्षी लेखापरीक्षक आक्षेप घेतो आणि योजना गुंडाळली जाते. आपल्याकडे जुन्या फौजदारी संहितेचे कलम १२५ होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ झाले. हुकूम मिळतो, पण वसुलीसाठी पणजी-मडगावच्या न्यायालयांच्या पायऱ्या बाईनेच झिजवायच्या.

सगळेच सुरळीत गेले असे नाही. १९८० च्या मे महिन्यात झुरिचमध्ये तरुणांची मोठी दंगल झाली. शहर ऑपेरागृहाच्या नूतनीकरणावर साठ मिलियन फ्रँकच्या वर खर्च करायला निघाले होते, आणि तरुणांची एका हक्काच्या जागेची जुनी मागणी तशीच पडून होती. झुरिचमध्ये वीस मिलियनच्या वरचा नवा खर्च मतदारांसमोर जावाच लागतो. हाही गेला, आणि ८ जूनला मंजूर झाला. तरुणांना लिमाटस्ट्रासवरच्या जुन्या इमारतीत स्वायत्त युवा केंद्र देण्यात आले, आणि ते पुढे मार्च १९८२ मध्ये पाडण्यात आले. ‘स्वायत्त’ म्हणजे दारात कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवायला कोणीच जबाबदार नाही. अमली पदार्थ विकणारे आत शिरले, मुले बाहेर पडली. त्या केंद्राची राजकीय जबाबदारी बाईंच्या खात्यावर होती, आणि त्याचे फार चांगले चालले होते असे त्यांच्या चाहत्यांनीही म्हणू नये.

आता हेरॉइनचा भाग. इथे जरा थांबावे लागेल, कारण गोव्याच्या किनाऱ्याविषयी बोलताना ‘स्वित्झर्लंडने ड्रग्ज मोकळे केले’ हे वाक्य वारंवार ऐकू येते आणि ते साफ चुकीचे आहे. सगळे अमली पदार्थ कायदेशीर करा, असा प्रस्ताव तिथे २९ नोव्हेंबर १९९८ रोजी मतदानाला आला आणि जवळजवळ तीनचतुर्थांश मतदारांनी तो फेटाळला.

झुरिचच्या मुख्य रेल्वे स्थानकामागे, राष्ट्रीय संग्रहालयाला लागून, लिमाट आणि सील या नद्यांच्या संगमावर प्लाट्झस्पिट्झ नावाची बाग आहे. १९८७ च्या सुमारास तिथे उघड्यावर सुया टोचून घेणाऱ्यांचा बाजार भरू लागला. त्याआधी १९८५ मध्ये कँटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने व्यसनींना नव्या सुया देण्यास मनाई केली होती, आणि देणाऱ्या डॉक्टरांचा परवाना काढून घेण्याची तंबी दिली होती. सुया दिल्या तर व्यसन वाढेल, हा त्यामागचा विचार. घडले ते असे की एकच सुई अनेकांनी वापरली आणि एड्सचा विषाणू पसरला. १९८६ मध्ये मनाई उठली, पुढे बागेतच डॉक्टर आणि स्वयंसेवक दिवसाला हजारो सुया देऊ लागले, श्वास बंद पडलेल्यांना जागेवर शुद्धीवर आणू लागले, कावीळ-ब ची लस टोचू लागले.

एड्सच्या बाबतीत हे बरोबरच होते. पण मदत एकाच जागी मिळते म्हटल्यावर लोकही एकाच जागी येतात. आसपासच्या गावांतून, दुसऱ्या कँटनमधून, दक्षिण जर्मनीतूनही लोक येऊ लागले. स्वित्झर्लंडमध्ये गरिबाला द्यायच्या मदतीचा खर्च तो जिथला रहिवासी त्या गावाने करायचा असतो. तेव्हा गावचा व्यसनी पोरगा झुरिचच्या बागेत जाऊन बसला की गावाला ते सोयीचेच होते. बिल शहराच्या नावावर फाटत होते.

शेवटी जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याच्या आदेशाने ५ फेब्रुवारी १९९२ रोजी बागेला कुलूप ठोकले. तयारी काहीच नव्हती. उपचाराच्या जागा पुरेशा नाहीत, रात्रीचा निवारा अपुरा, बाहेरगावच्यांना परत पाठवायची यंत्रणा नाही. माणसे पाचव्या प्रभागातल्या घरांच्या जिन्यांत आणि परसांत पांगली, रहिवासी हवालदिल झाले, आणि थोड्याच काळात सगळा बाजार लेटेन या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात पुन्हा भरला. कळंगुट किंवा हणजूणला धाड पडली की सगळे शेजारच्या गावात सरकते, तसेच हे.

लेटेन बंद झाले ते १४ फेब्रुवारी १९९५ रोजी, आणि ते पुन्हा भरले नाही. दोन्ही वेळा पोलीस तेच होते. मधल्या तीन वर्षांत चार गोष्टी उभ्या राहिल्या होत्या. शहराच्या वेगवेगळ्या भागांत लहान संपर्ककेंद्रे उघडली, एकच मोठे नाही. बाहेरगावच्या व्यसनीला ताब्यात घेऊन त्याच्या गावाला कळवायचे आणि त्याची जबाबदारी गावाने घेईपर्यंत त्याला एका परतपाठवणी केंद्रात ठेवायचे, अशी सोय झाली. गावे कुरकुरली, पण कँटन शहराच्या बाजूने उभे राहिले. विक्रेत्यांसाठी तुरुंगात जागा केली. आणि वैद्यकीय देखरेखीखाली हेरॉइन देण्याचा प्रयोग १९९४ च्या आरंभी सुरू झाला होता.

या शेवटच्या गोष्टीची मागणी लीबरहेरबाईंनी पदावर असताना उघडपणे लावून धरली. एका शहराला ती एकट्याने करता येण्यासारखी नव्हती, कारण अमली पदार्थांचा कायदा देशाचा. केंद्र सरकारने १९९२ मध्ये प्रयोगासाठी नियम केले तेव्हा मार्ग मोकळा झाला. अटी कडक: व्यसन किमान दोन वर्षांचे, आणि आधीचे किमान दोन उपचार फसलेले. माणूस ठरलेल्या वेळी दवाखान्यात येतो, परिचारिका मोजून मात्रा देते, तो तिच्यासमोरच टोचून घेतो, आणि सुई तिथेच टाकून बाहेर पडतो. त्या काळी घरी काही नेता येत नसे. सोबत घर शोधून देणे, कर्ज फेडायला मदत, नोकरी हे सारे समाजकल्याण खात्याने करायचे, कारण नुसते औषध देऊन दिवसाचे उरलेले तेवीस तास माणूस पुन्हा रस्त्यावरच असेल. लोकांनी हे १३ जून १९९९ रोजी ५४.४ टक्क्यांनी उचलून धरले आणि ३० नोव्हेंबर २००८ रोजी कायमस्वरूपी कायद्याला ६८ टक्के मते दिली.

आपल्याकडे एड्स नियंत्रण कार्यक्रमात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली देण्याची सोय आहे. ती हेरॉइनची जागा घेते आणि जीव वाचवते. पण अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा केंद्राचा, पोलीस राज्याचे, बांबोळीचे मनोरुग्णालय राज्याचे. किनाऱ्यावरच्या पंचायतीच्या हातात ना हरकत दाखला तेवढा. तिच्या सरपंचाला लीबरहेरबाईंचा दाखला देऊन काय साधणार?

बाईंची पुढची हकिकत थोडक्यात. १९७८ ते १९८३ त्या शहराचे खाते सांभाळून देशाच्या वरिष्ठ सभागृहातही कँटनच्या प्रतिनिधी होत्या; झुरिचच्या पहिल्या स्त्री सदस्य. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात ही दोन्ही पदे एकत्र बसत. १९९० च्या निवडणुकीत शहराच्या अध्यक्षपदासाठी त्यांनी स्वपक्षाच्या योझेफ एस्टरमान यांना सोडून दुसऱ्या पक्षाच्या विद्यमान अध्यक्षांची बाजू घेतली. एस्टरमान निवडून आले आणि पक्षाने बाईंना काढून टाकले. पुढची चार वर्षे त्या पक्षाविना त्याच खुर्चीत बसल्या, त्याच एस्टरमान यांच्या शेजारी. कारण स्टाटराटच्या सदस्यावर अविश्वास ठराव आणताच येत नाही. विधिमंडळाला नाही, पक्षालाही नाही. चार वर्षे लोकांनी दिलेली, ती लोकच परत घेणार. त्याची दुसरी बाजूही आहे. नऊजणांनी बंद दाराआड बहुमताने जे ठरवले, ते बाहेर सगळ्यांनी आपले म्हणून सांगायचे, आपण हरलो असलो तरी. जाहीरपणे हात झटकले तर सहकारी पुढच्या बैठकीत आपले काम अडवतात, आणि अध्यक्ष त्यात पडत नाही.

आपल्या पालिकांत नगराध्यक्षावरचे अविश्वास ठराव किती नियमाने येतात, हे आपल्याच अंकांतून वाचायला मिळते. पणजी महापालिकेच्या महापौराची मुदत एक वर्षाची. पालिकेचा मुख्याधिकारी आणि महापालिकेचा आयुक्त सरकार पाठवते, सरकारच परत बोलावते. खर्चाच्या कागदावरची सही त्यांची.

पैशाचेही तसेच. झुरिचमध्ये माणसाच्या उत्पन्नावर एक मूळ कर काढतात. त्याच्या किती टक्के आपण घ्यायचे हे कँटन ठरवते, आणि किती टक्के घ्यायचे हे शहरही स्वतःपुरते वेगळे ठरवते. झुरिच शहराचा हा आकडा गेली कित्येक वर्षे ११९ आहे. मूळ कर ५,००० फ्रँक बसला तर शहराचे ५,९५०. दर वर्षी अंदाजपत्रकाबरोबर तो पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि एक जानेवारीपर्यंत अंदाजपत्रक झाले नाही तर टाळता न येणारा खर्च सोडून बाकी सगळे थांबते. आपल्या पालिकेकडे घरपट्टी, व्यापार परवाना, बांधकाम शुल्क, बाजारातले भाडे आणि सोपो. उरलेले सरकारी अनुदान, ज्याच्या हप्त्यासाठी स्थानिक आमदाराचे दार ठोठवावे लागते.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी अठरा विषय मोजून दिले आहेत: नगरनियोजन, पाणीपुरवठा, रस्ते, सार्वजनिक आरोग्य, दुर्बल घटकांचे हितरक्षण वगैरे. पण कलम २४३-डब्ल्यू वाचावे. राज्याच्या विधिमंडळाने हे अधिकार ‘द्यावेत’ असे तिथे म्हटलेले नाही, ‘देऊ शकेल’ असे म्हटले आहे. त्या क्रियापदात सगळे अडकले आहे. गोव्यात नियोजन नगरनियोजन खात्याकडे आणि पीडीएंकडे (नियोजन व विकास प्राधिकरणांकडे), पाणी राज्य सरकारच्या खात्याकडे, वीज वीज खात्याकडे, कचऱ्याची मोठी प्रक्रिया २०१६ पासून वेगळ्या महामंडळाकडे. अठरांतले जे उरते त्यासाठी तेरा पालिका आणि एक महापालिका. म्हणून हुशार नगरसेवक पहिल्या टर्ममध्येच आमदारकीची तयारी सुरू करतो, आणि त्याला दोष देणे अवघड आहे. काम करायचे तर अधिकार तिथेच आहेत. लीबरहेरबाईंना अर्थशास्त्राची पदवी, मोर्चाची कीर्ती आणि वरिष्ठ सभागृहाचे सदस्यत्व असूनही चोवीस वर्षे पालिकेतच राहावेसे वाटले, कारण पोटगीच्या उचलीपासून हेरॉइनच्या दवाखान्यापर्यंत सगळे त्या टेबलावरून करता येत होते. १९९४ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्यामागून ग्रीन पक्षाच्या मोनिका श्टोकर आल्या आणि त्यांनीही ते खाते २००८ पर्यंत सांभाळले. लीबरहेरबाई ३ जानेवारी २०११ रोजी वारल्या.

तेव्हा आपल्या संपादकीय विभागाला एक विनंती. बातमी झुरिचची असेल तर ‘स्टाटराट’ला शहर मंत्रिमंडळ लिहावे आणि ‘गेमाइंडेराट’ला पालिका सभागृह. बातमी बर्न शहराची असेल तर मात्र नेमके उलट करावे: तिथे स्टाटराट म्हणजे ऐंशी जणांचे सभागृह आणि गेमाइंडेराट म्हणजे पाचजणांचे कार्यकारी मंडळ. शब्द तेच, शहर बदलले की अर्थ फिरतो. बातमीत शहराचे नाव नसेल तर संख्या बघावी. आकडा एकअंकी असला तर ते शहर चालवणारे.

आपला,
एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा